कालच्या पट्टीवर आजचा सौदा

प्रश्न : इचलकरंजीत माझे कापडाचे दुकान आहे. गेले तीन महिने मी दोन लाख रुपयांवर रोख बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याचे, सौदे करतो. पद्धत ठरलेली आहे. सकाळी पिव्होटच्या लेव्हल, म्हणजे कालच्या भावांवरून आजचे आधाराचे (एस) आणि अडथळ्याचे (आर) भाव, काढायच्या, भाव एस-१ ला आला की घ्यायचे, आर-१ ला विकायचे. एस-१ तुटलाच तर एस-२ ला तेवढेच आणखी घेऊन सरासरी करायची, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणायचा. २१२ सौद्यांपैकी १३० फायद्यात गेले, तरीही खात्यात सुमारे ५८ हजारांचा तोटा दिसतो आणि त्यातले २४ हजार तर दलाली व करांतच गेले आहेत. चार्टवर मी साधा पिव्होट, कॅमरिला आणि सीपीआर असे लेव्हलचे तिन्ही प्रकार लावतो. यांतला खरा कोणता? माझ्या आणि मित्राच्या लेव्हल जुळत नाहीत, असे का? भांडवल कमी पडते म्हणून सोने तारण ठेवून कर्ज घेण्याचा विचार आहे. सौद्यांचा उतारा सोबत जोडला आहे. पद्धत बरोबर आहे ना, एवढे सांगावे.
— एक वाचक

उत्तर : तुमचे पत्र आणि सोबतचा उतारा दोन्ही वाचले. उतारा पाठवलात हे बरे केलेत. या विषयावरच्या पत्रांत तक्रार असते, हिशेब सहसा नसतो. तुमची लेव्हल काढण्याची रीत बरोबर आहे, आणि त्या लेव्हलवर तुम्ही जो व्यवहार रचला आहे तो चुकीचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

या सदरात कोणत्याही शेअरची शिफारस केली जात नाही, म्हणून एक काल्पनिक शेअर घेऊ. काल त्याचा उच्चांक ५१२, नीचांक ५०० आणि बंद भाव ५०९ होता. तिन्हींची बेरीज १५२१, तिला तीनने भागले की पिव्होट ५०७. पिव्होटच्या दुपटीतून कालचा नीचांक वजा केला की आर-१ येतो ५१४, उच्चांक वजा केला की एस-१ येतो ५०२. पिव्होटमध्ये कालचा पूर्ण पल्ला, म्हणजे उच्चांक-नीचांकातले १२ रुपये, मिळवले की आर-२ ५१९ आणि वजा केले की एस-२ ४९५. हे तुम्हाला पाठ आहेच. पण आता आर-१ मधून एस-१ वजा करून पाहा. उत्तर १२ येते, आणि कालचा पल्लाही १२ च होता. हा योगायोग नव्हे. कोणताही शेअर, कोणताही दिवस घ्या, एस-१ ते आर-१ हे अंतर कालच्या उच्चांक-नीचांकातल्या अंतराइतकेच निघते, कारण सूत्राची रचनाच तशी आहे. म्हणजे आजची म्हणून जी पट्टी तुम्ही चार्टवर पाहता ती कालचीच पट्टी आहे, फक्त काल बाजार कुठे बंद झाला त्याप्रमाणे थोडी वर किंवा खाली सरकवलेली.

आता तुमचा नियम या नजरेने वाचा. ‘एस-१ ला घ्यायचे आणि आर-१ ला विकायचे’ याचा अर्थ असा की भावाने आधी पट्टीच्या तळाशी यावे आणि मग काल दिवसभरात जेवढा पल्ला मारला तेवढा पूर्ण पल्ला आज एकाच दिशेने, तुम्ही घेतल्यानंतर आणि ब्रोकर दुपारी सव्वातीनच्या सुमारास सौदा आपोआप कापण्याआधी, वर जाऊन दाखवावा. असे दिवस येतात, पण ते विरळ असतात. तुमच्या उताऱ्यातही ते दिसते : फायद्यातल्या १३० सौद्यांपैकी आर-१ पर्यंत पोहोचलेले सौदे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. बाकीचे तुम्ही वाटेतच, धीर सुटून, दोन-चारशे रुपये हाती आले की बंद केले आहेत. त्या भीतीला मी दोष देणार नाही. टार्गेटच आवाक्याबाहेरचे असेल तर हात आधी सुटणारच.

तोट्याच्या बाजूला मात्र हात अजिबात सुटलेला नाही. तुमचा सरासरी फायदा ४०० रुपयांच्या आसपास आहे आणि सरासरी तोटा १,०५० रुपयांच्या आसपास. दर सौद्यामागे दलाली, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टँप ड्युटी, जीएसटी वगैरे मिळून तुमचे साधारण ११५ रुपये जातात. या तीन आकड्यांवरून नुसते बरोबरीत राहण्यासाठी १०० पैकी ८० सौदे फायद्यात यावे लागतील असे गणित निघते, आणि तुमचे ६१ येतात. शंभरात एकसष्ट वेळा बरोबर असणे ही वाईट गोष्ट नाही. पण त्या एकसष्ट बरोबर निर्णयांची कमाई उरलेल्या एकोणचाळीसांनी गिळून वर मुद्दलालाही तोंड लावले आहे.

त्यातही चार दिवस वेगळे काढून पाहावे असे आहेत. एकूण तोट्यातला जवळजवळ ३७ हजारांचा भाग या चार दिवसांतला आहे, आणि चारही दिवशी तुम्ही एस-२ ला दुसऱ्यांदा घेतले आहे. एकदा तर त्याखालच्या एस-३ लाही. भांडवल दोन लाखांचे असताना हे शक्य झाले ते भांडवलाच्या पाचपटीपर्यंत सौदे करू देणाऱ्या ब्रोकरच्या मर्यादेमुळे. एस-१ ला घेण्यामागचा तुमचा तर्क काय होता? तर ‘येथून भाव उलटेल’. भाव उलटला नाही, तेव्हा तो तर्क खोटा ठरला. खोट्या ठरलेल्या तर्कावर दुप्पट पैसे लावण्याला आपल्याकडे सरासरी हा फार सभ्य शब्द रूढ झाला आहे. चांगल्या कंपनीचे शेअर वर्षानुवर्षांसाठी घेणाऱ्याला तो कदाचित शोभेल. ज्याला साडेतीनच्या आत सगळे मोडून घरी जायचे आहे त्याला नव्हे.

एस-३ च्या पुढे काही नाही अशी एक समजूत चार्ट पाहून मनात बसते, कारण रेषा तिथे संपतात. ३ जून २०२४ ला, मतदानोत्तर चाचण्यांच्या भरात, निफ्टीचा उच्चांक सुमारे २३,३३९, नीचांक २३,०६२ आणि बंद २३,२६४ होता. त्यावरून दुसऱ्या दिवसाचा पिव्होट २३,२२२ येतो, एस-१ २३,१०५, एस-२ २२,९४५ आणि एस-३ २२,८२८. ४ जूनला लोकसभेची मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी २१,२८१ पर्यंत, म्हणजे एस-३ च्याही खाली दीड हजारांहून अधिक अंक गेला. ज्याने प्रत्येक रेषेवर ‘आता सपोर्ट आहे’ म्हणून घेतले असेल त्याची अवस्था सांगायला नको. याचा उत्तरार्धही पाहण्यासारखा आहे. त्या दिवसाचा पल्ला सुमारे १,९०० अंकांचा झाल्यामुळे ५ जूनची पट्टी तेवढीच रुंद झाली, एस-१ २१,०५१ आणि आर-१ २२,९४९. निफ्टी दिवसभर या दोन टोकांच्या मध्येच राहिला आणि कोणत्याही टोकाला न शिवता २२,६२० च्या आसपास बंद झाला. एका दिवशी पट्टी फारच तोकडी पडली, दुसऱ्या दिवशी ढगळ झाली, कारण दोन्ही दिवशी माप आदल्या दिवसाचे होते. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, कंपनीचे तिमाही निकाल, किंवा सकाळी मोठ्या गॅपने, म्हणजे कालच्या बंद भावापासून बराच दूर, उघडलेला बाजार असेल तेव्हा पिव्होटचा कागद बाजूला ठेवावा, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे.

आता तिन्हींपैकी खरा कोणता, हा प्रश्न. आपल्याच शेअरवर कॅमरिलाचे सूत्र लावू. कालच्या पल्ल्याला १.१ ने गुणून त्याचा निम्मा भाग बंद भावातून वजा केला की कॅमरिलाचा एल-४ (खालची चौथी लेव्हल) येतो ५०२.४०. साधा एस-१ होता ५०२. दोन्ही रेषा चार्टवर एकमेकींना चिकटून दिसतील आणि तुम्हाला वाटेल की दोन पद्धतींनी एकाच भावावर शिक्कामोर्तब केले. प्रत्यक्षात कॅमरिलाच्या नियमात एल-४ ही घेण्याची जागा नाहीच. घेण्याची जागा एल-३, आपल्या उदाहरणात ५०५.७०, आणि एल-४ तुटला की तो नियम विकायला सांगतो. एकाच भावावर एक रेषा ‘घ्या’ म्हणते आणि दुसरी ‘विका’. तिन्ही लावून बसल्यावर ज्या क्षणी जे करावेसे वाटते त्याला अनुकूल अशी एखादी रेषा नेहमीच सापडते. नियमाचे काम तर नेमके ते सापडू न देण्याचे असते.

सीपीआरबद्दल, म्हणजे पिव्होटभोवतीच्या पट्ट्याबद्दल, थोडे अधिक सांगतो, कारण त्याच्याभोवती फार गूढ निर्माण झाले आहे. कालच्या उच्चांक-नीचांकाचा मध्य, म्हणजे पट्ट्याची एक कड, बीसी, आपल्या शेअरमध्ये ५०६, पिव्होट ५०७, आणि पिव्होटच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर दुसरी कड, टीसी, ५०८. पट्टा दोन रुपयांचा झाला. बंद भाव मध्यापासून तीन रुपये दूर होता. पट्टा त्याच्या दोनतृतीयांश. हेही प्रमाण कधी बदलत नाही. म्हणजे ‘सीपीआर अरुंद आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच की काल भाव आपल्या पल्ल्याच्या मध्याजवळ बंद झाला, किंवा कालचा पल्लाच लहान होता. अरुंद सीपीआरनंतर बाजार एका दिशेने धावतो, असे सांगितले जाते. लहान पल्ल्याच्या दिवसानंतर मोठा दिवस येण्यात काही तथ्य असू शकते. पण दिवसभर मोठी उलथापालथ होऊन भाव शेवटी मध्यावर टेकला तरी सीपीआर अरुंदच दिसतो, आणि तो दिवस अगदी वेगळा असतो. म्हणून पट्ट्याची रुंदी पाहण्याआधी कालचा पल्ला पाहावा. तुम्ही साधा पिव्होट ठेवा आणि बाकीचे दोन चार्टवरून काढून टाका. तो इतरांपेक्षा अचूक आहे असा माझा दावा नाही. त्याचे गणित तुम्हाला तोंडी करता येते, एवढेच पुरे आहे.

मित्राशी लेव्हल न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा बंद भावात असते. रोख बाजारात आजवर चालत आलेल्या रीतीप्रमाणे एक्स्चेंजचा अधिकृत बंद भाव म्हणजे ३:३० चा शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची ती भारित सरासरी असते. समजा आपल्या शेअरचा शेवटचा सौदा ५१०.५० ला झाला आणि सरासरी ५०९ आली. एकाने ५०९ धरला, दुसऱ्याच्या चार्टने ५१०.५० धरला, तर पिव्होट ५० पैशांनी आणि एस-१ पूर्ण एका रुपयाने बदलतो. मी स्वतः सुरुवातीचे कित्येक महिने पडद्यावरचा शेवटचा आकडाच बंद भाव समजून वहीत उतरवत असे, आणि माझ्या लेव्हल ‘थोड्यात हुकतात’ म्हणून हळहळत असे. भावकॉपीतला, म्हणजे एक्स्चेंजच्या रोजच्या अधिकृत भावपत्रकातला, बंद भाव घ्यावा. बोनस, स्प्लिट किंवा मोठ्या लाभांशाची तारीख असेल तर आदल्या दिवसाचे तिन्ही आकडे त्या प्रमाणात कमी करून घेतले आहेत की नाही तेही पाहावे.

खरे म्हणजे लेव्हल एका रुपयाने हुकण्याचे दुःख होण्याचे कारणच नाही, कारण ती रेषा म्हणून वापरायची नसते. ही रीत रिंगणात उभे राहून ओरडून सौदे करणाऱ्यांच्या काळातली आहे. आपल्या दलाल स्ट्रीटवरही १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत सौदे ओरडूनच होत. सकाळी चिठोऱ्यावर चार आकडे लिहून रिंगणात उतरणाऱ्याला समोरच्यांचे चेहरे दिसत, कोण किती माल टाकतो आहे ते ऐकू येई, आणि रिंगणात स्वतः उभे असल्यामुळे सौद्याचा खर्चही नाममात्र पडे. त्याच्यासाठी ५०२ हा आकडा म्हणजे ‘इथे जरा कान टवकारायचे’ अशी खूण होती. तुमच्याकडे चेहरे नाहीत आणि खर्च आहे. तेव्हा ५०१.५० ते ५०२.५० असा एक पट्टा धरा आणि भाव तिथे आल्यावर काय होते ते पाहा : पाच मिनिटांची एखादी कँडल (चार्टवरची तेवढ्या वेळातल्या भावांची दांडी) पट्ट्याच्या वर बंद होते का, खाली ढकलताना उलाढाल वाढते आहे की आटते आहे. काहीच स्पष्ट दिसत नसेल तर घेऊ नका.

समजा ते दिसले आणि तुम्ही ५०२.५० ला घेतले. कालचा नीचांक ५०० च्या जरा खाली, ४९९ ला, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवून बाहेर पडण्याचा भाव. टार्गेट आर-१ नव्हे, तर पिव्होट, ५०७. जोखीम साडेतीन रुपये, अपेक्षा साडेचार रुपये. ४०० शेअरच्या सौद्याला येऊन-जाऊन सुमारे १२० रुपये, म्हणजे शेअरमागे ३० पैसे खर्च धरला तर जोखीम ३.८० आणि अपेक्षा ४.२० होते. अशा सौद्यात शंभरात ४८ वेळा बरोबर आलात तरी तुम्ही पाण्याच्या वर राहता. हाच सौदा ‘सुटला’ म्हणून ५०४ ला धावत जाऊन घेतला तर जोखीम ५.३० आणि अपेक्षा २.७० होते, आणि मग ६७ वेळा बरोबर यावे लागते. दीड रुपयाच्या घाईची ही किंमत. पिव्होटच्या पट्टीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे : सौदा घेण्याआधी, डोके थंड असताना, आपण कोठे चुकीचे ठरू आणि तेवढ्या जोखमीच्या बदल्यात समोर किती अंतर आहे, हे तिच्यामुळे मोजता येते. पुष्कळदा मोजल्यावर सौदा घेऊच नये असे निघते, आणि तुमच्या २१२ पैकी शंभर तरी सौदे तसेच होते.

किती शेअर घ्यायचे हेही स्टॉपलॉसवरून ठरवावे, ब्रोकर किती घेऊ देतो त्यावरून नव्हे. दोन लाखांवर एका सौद्यात हजार रुपयांपेक्षा जास्त जाता कामा नये असे ठरवले, तर साडेतीन रुपयांच्या जोखमीला सुमारे २८५ शेअर बसतात. तेवढेच घ्या. दिवसात असे दोन सौदे फसले की त्या दिवशी तिसरा नाही.

आणखी एक गोष्ट, कारण तुमच्या यादीत ५ टक्क्यांच्या सर्किटमधले, म्हणजे दिवसात भाव ५ टक्क्यांपलीकडे जाऊ न देणाऱ्या मर्यादेतले, तीन शेअर दिसले. अशा कमी उलाढालीच्या शेअरमध्ये पिव्होट लावू नये. खालचे सर्किट लागले की समोर कोणी घेणारा नसतो आणि तुमचा स्टॉपलॉस नुसता रांगेत पडून राहतो. आधी विकून नंतर घेण्याचा सौदा असेल आणि वरचे सर्किट लागले तर माल न दिल्याबद्दल लिलावाचा भुर्दंड पडतो, तो वेगळाच.

आता कर्जाविषयी. घेऊ नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै २०२४ मध्ये रोख बाजारातील इंट्राडे करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ या वर्षी दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. तीन महिन्यांत २१२ म्हणजे तुमचा वेग वर्षाला साडेआठशेच्या घरात जातो. जास्त भांडवलाने यातले काहीच बदलत नाही. तोच हिशेब मोठ्या आकड्यांत मांडला जाईल आणि वर तारणाचे व्याज सुरू होईल. शिवाय इंट्राडेचा तोटा आयकरात सट्ट्याचा तोटा मानला जातो. तो दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढची चार वर्षे फक्त तशाच उत्पन्नातून वजा करता येतो, आणि त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. हे तुमच्या सीएंना या वर्षीच सांगून ठेवा.

पुढचे चाळीस दिवस एकही सौदा करू नका, असे माझे म्हणणे आहे. भरपूर उलाढालीचा एकच शेअर निवडा. दुकानात हिशेबाची वही असतेच, तिच्यात रोज रात्री भावकॉपीवरून पिव्होट, एस-१, आर-१ आणि कालचा पल्ला लिहा. दुसऱ्या दिवशी दुकान बंद केल्यावर, दिवसभरात नव्हे, चार्ट उघडून एवढेच नोंदवा : भाव पिव्होटच्या वर उघडला की खाली, एस-१ च्या पट्ट्यात आला का, आला असल्यास तिथून आधी पिव्होटला गेला की आधी स्टॉपलॉसला. आर-१ च्या बाजूनेही तेच लिहा. गॅप आणि बातम्यांचे दिवस लाल शाईने. गिऱ्हाईकाला मीटरने कापड मोजून देताना दुसऱ्या हातात मोबाईल धरण्याची वेळ यात येणार नाही; तुमच्या उताऱ्यात जे सहा घाईचे सौदे दिसतात ते सगळे सकाळी दहा ते बारा या तुमच्या गर्दीच्या वेळेतले आहेत, हे तुमच्याही लक्षात आले असेलच.

चाळीस दिवसांत भाव एस-१ ला कदाचित पंधरा वेळा येईल, कदाचित बावीस वेळा. त्यांतून किती वेळा तो आधी पिव्होटला पोहोचला, तो आकडा निम्म्यापेक्षा कमी असेल तर त्या शेअरवर ही पद्धत चालत नाही असे समजून थांबा. बराच जास्त असेल, तर वहीची ती पाने मला पाठवा. पुढचे बोलणे त्या आकड्यावर करू.